'हिबाना' : कामिया गुरू की नुसताच बोलबच्चन?

गवती_चहा

नेटफ्लिक्सवरची 'हिबाना' कुणी पाहिली आहे का? २०१६ ची जपानी मालिका, दहा भाग. हिबाना म्हणजे ठिणगी. 'विनोदी' म्हणून समोर आली, जेवताना लावली, आणि दहा रात्री पानातलं गार होत राहिलं. हसले किती? मोजून चार-पाच वेळा. पण संपून आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. तोकुनागा नावाचा वीस वर्षांचा मुलगा 'मान्झाई'त नशीब काढायला निघालाय. मान्झाई म्हणजे दोघांनी उभ्याउभ्या करायची विनोदी जुगलबंदी. मुलगा मुखदुर्बळ, समोरच्याच्या नजरेला नजर न देणारा, म्हणजे या धंद्यात येऊच नये असा. अतामी या समुद्रकाठच्या गावी आतषबाजीच्या रात्री रस्त्याकडेच्या स्टेजवर त्याची जोडी 'स्पार्क्स' काहीतरी करतेय. पाळलेला पोपट काय बोलला तर आपल्याला लागेल, असा काहीसा विषय. गर्दी ढुंकूनही न बघता फटाके बघायला पुढे चाललीय. त्यांच्यानंतर 'आहोन्दारा' ही जोडी येते. त्यातला कामिया बायकी आवाज काढून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे बोट दाखवत 'नरक, नरक, नरक' असं ओरडत सुटतो. एवढ्यात एक छोटी मुलगी समोर येते, आणि तो आवाज एकदम मऊ करून म्हणतो, 'मजेचा नरक'. आपला मुलगा तिथेच खलास. त्याच रात्री म्हणतो, मला शिष्य करा. कामिया त्याच्याहून चार वर्षांनी मोठा आणि खिशाने फाटका. अट एकच घालतो: माझं चरित्र लिही.

पुढे दहाएक वर्षं दोघं टोकियोत पितात, रात्रभर चालतात, बोलतात.

आता माझा प्रश्न. एका प्रसंगात रडणारं बाळ समोर येतं. कामिया त्याला हसवायला माशीवरच्या चिमुकल्या विनोदी कविता म्हणून दाखवतो. हो, माशीवरच्या. बाळ रडतच राहतं. तोकुनागा आपला साधं 'बुवाऽऽ कुक' करतो. कामियाला ते पटत नाही, कारण ते सगळेच करतात. माझा नवरा म्हणाला, हा माणूस थोर आहे. मी म्हटलं, हा माणूस बाळ कडेवर घेतलेल्या बाईच्या जागी एक मिनिट उभा राहिलेला नाही. तुमचं काय मत? कामिया गुरू की नुसताच बोलबच्चन?

(शेवटाबद्दल लिहाल तर आधी 'रसभंग' असं लिहा.)

रिकामटेकडा_१

तिसऱ्या भागात झोपलो. जागा झालो तेव्हा ते दोघं अजून चालतच होते.

बोरकूट

@रिकामटेकडा, तेवढंच तर आहे त्यात. :) मला ते चालणंच आवडलं. टोकियोतल्या किचिजोजी भागाच्या गल्ल्या, पाऊस, पहाट, बंद दुकानांचे पत्रे. घाई नाही. कॅमेरा दूर ठेवून दोघांना बोलू देतात. आपल्याकडच्या मालिकेत एवढ्या वेळात तीन लग्नं आणि एक स्मृतिभ्रंश झाला असता.

माझं मत: गुरू. शंभर टक्के.

उंबरठा

बोलबच्चन. दोनशे टक्के. कामिया त्याच्या मैत्रिणीच्या, माकीच्या घरात फुकट राहतो, तिच्या पैशावर जेवतो, आणि गोष्टी कलेच्या. ती बिचारी वेडीवाकडी तोंडं करून त्याला हसवते, ती त्या मालिकेतली खरी विनोदी कलाकार. तिच्यावर धागा काढा.

गवती_चहा

@उंबरठा, माकीबद्दल अगदी सहमत. ती जाते त्यानंतरचा भाग बघवत नाही.

निशिकासाईची_मावशी

अगंबाई, हिबानावर मराठीत धागा! मी टोकियोत १४ वर्षं आहे (नावावरून कळलंच असेल, आमच्या निशिकासाईत भाजीवालीसुद्धा नमस्ते म्हणते). थोडी माहिती देते, मग भांडा.

मूळ कादंबरिका नाओकी मातायोशी यांची. हा माणूस स्वतः मान्झाईवाला, 'पीस' नावाच्या जोडीतला, जन्म १९८० चा, ओसाकाकडचा. २०१५ साली या पहिल्याच मोठ्या गोष्टीला आकुतागावा पुरस्कार मिळाला, केइसुके हादा यांच्याबरोबर विभागून. आकुतागावा म्हणजे इथल्या नव्या लेखकांसाठीचा सगळ्यात मानाचा पुरस्कार, आणि तो कुणा विनोदी कलाकाराला मिळण्याची ती पहिलीच वेळ. मग जी लाट आली! वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. माझ्या ऑफिसात जी माणसं वर्षभर मेट्रोचं वेळापत्रक सोडून काही वाचत नाहीत, त्यांच्याही पिशवीत तो लाल मुखपृष्ठाचा ग्रंथ.

आता बिलाचं. मालिकेत कामिया कर्ज काढून तोकुनागाला खाऊ-पिऊ घालतो, ते लेखकाने वाढवून लिहिलेलं नाही. विनोदी कलाकारांच्या जगात जो आधी आला तो सेनपाई, त्याने मागून आलेल्या कोहाईचं बिल द्यायचं. वय बघत नाहीत, कमाईही नाही, फक्त धंद्यात आधी कोण आलं तेवढंच. कोहाई टीव्हीवर झळकून गाडी घेऊन आला तरी रिकाम्या खिशाचा सेनपाईच पाकीट काढणार. म्हणजे कामिया फुकटा आहे हे खरं, पण तो तोकुनागाच्या पैशावर कधीच जेवत नाही. उंबरठा, ही बाजू पण बघा.

उंबरठा

माकीच्या पैशाने तोकुनागाला जेवू घालतो, असं म्हणा ना मग. दानशूर कर्ण, कवचकुंडलं बायकोची.

तळेगावकर

=)) उंबरठा, दंडवत घ्या.

ओवी

मी पुण्यात जपानी शिकवते. वर्गात हमखास हशा पिकवणारे तीन शब्द नेमके याच मालिकेत भेटतात, म्हणून राहवत नाही.

गुरूला जपानीत म्हणतात 'शिशो'. म्हणजे आपल्या कानाला गुरूच शिष्य. आणि शिष्याला म्हणतात 'देशी'.

रिकामटेकडा_१

दहा भाग प्यायलेलाच दिसतो, नाव बरोबर आहे.

ओवी

थांबा, तिसरा राहिला. स्टेजवर सादर करायच्या विनोदी ऐवजाला म्हणतात 'नेता'. 'आज तुझा नेता चालला नाही', 'नवीन नेता लिही', 'तोच जुना नेता किती दिवस वापरणार' अशी वाक्यं कलाकार एकमेकांना रोज ऐकवतात.

बोरकूट

हे वाचून चहा नाकातून आला. मान्झाई शिकायला जपानला जायची गरज नाही म्हणजे.

तळेगावकर

राजकारण नको. धागा उडेल.

ढोलकीवाला_नाना

मालिका पाहिलेली नाही, नातवाने धागा वाचून दाखवला. पण वर जे मान्झाई म्हणताय ती आमची बतावणीच झाली की. तमाशात गण, गवळण झाली की वगाच्या आधी दोघं उभे राहतात. एक अडाण्यासारखं उलटं बोलतो, दुसरा त्याला टोकतो. 'काय रं, कुठं गेला हुतास?' 'गेलो नव्हतो, आलो हुतो.' हे मी चाळीस वर्षं ढोलकीमागं बसून ऐकलंय. सोंगाड्याला हशा मिळतो, पण टोकणारा कच्चा असला तर सोंगाड्या आपटतो. हे बघणाऱ्याला कळत नाही, ढोलकीवाल्याला कळतं.

निशिकासाईची_मावशी

नाना, नमस्कार! नेमकं तेच. उलटं बोलणारा तो 'बोके' आणि टोकणारा तो 'त्सुक्कोमी'. (बोके हा चौथा शब्द, ओवी विसरली.) त्सुक्कोमी डोक्यावर एक हलकी टपलीसुद्धा देतो. आणि नाना, मूळही तुमच्या ओळखीचं निघेल. जुन्या काळी मान्झाईवाले नवीन वर्षाला दारोदार जायचे, एकाच्या हातात छोटी ढोलकी, घराला आशीर्वाद द्यायचे आणि हसवायचे. आपला वासुदेव आणि गोंधळी एकत्र केल्यासारखं. सूट घालून, वाद्यं टाकून, नुसत्या बोलण्यावर उभी राहणारी आजची तऱ्हा १९३० च्या दशकात ओसाकात एन्तात्सु आणि आचाको या जोडीने रुळवली. त्यांची बेसबॉलच्या सामन्यावरची बतावणी (आता हाच शब्द वापरणार) फार गाजली होती.

ढोलकीवाला_नाना

ढोलकी टाकली तिथंच चुकलं त्यांचं.

सुपारी_कात

एक फरक आहे नाना. बतावणीत समोरची गर्दी बघून तिथल्या तिथे भर घालतात. गावच्या पाटलाचं नाव येतं, कालचा बाजार येतो. मान्झाई घोटून घोटून बसवतात, श्वाससुद्धा ठरलेला. मी ध्वनिसंयोजक आहे, म्हणून मालिकेत माझं लक्ष माइककडेच होतं. मधोमध एकच माइक. जपानी थिएटरांत त्यासाठी सोनीचा सी-३८बी वर्षानुवर्षं वापरतात, तिकडे त्याला 'सान-पाची' म्हणजे तीन-आठ म्हणतात. दोघांना मिळून एकच माइक असल्यामुळे काय होतं, तर दोघांना खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागतं. काल भांडण झालं असलं तरी. कॉलर माइक लावले असते तर ती जवळीक गेली असती. तोकुनागा आणि त्याचा जोडीदार यामाशिता एकमेकांशी धड बोलत नाहीत त्या दिवसांत ते माइकशी कसे उभे राहतात ते परत बघा. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं.

बोरकूट

सुपारी, असं काही वाचायला मिळतं म्हणून इथे येतो. नाहीतर कामं आहेत.

रिकामटेकडा_१

कुठली कामं?

तिरफळ

माका येक सांगा. ह्ये दोघे ओसाकाकडचे, टोकियोत येवन आपल्या बोलीत बोलतत, आणि खाली इंग्रजी अक्षरां वाचून आमका काय कळतला? मालवणी नाटक पुण्याच्या भाषेत करून बघा. गाळी जातत आणि गाळ्यांबरोबर नाटक जाता.

वऱ्हाडी_ठेचा

तिरफळ भाऊ, मले पटलं तुमचं. आमच्या वऱ्हाडीतला विनोद पुण्या-मुंबईत सांगाले गेलं की लोक बोलीवरच हासते, विनोद तसाच राह्यते. तिकडं बी तसंच हाय काय?

निशिकासाईची_मावशी

उलट आहे ठेचाभाऊ! विनोदाच्या बाबतीत ओसाकाची बोली हीच इथे मानाची. योशिमोतो ही विनोदी कलाकारांची सगळ्यात मोठी कंपनी १९१२ साली ओसाकातच सुरू झाली. टोकियोचा मुलगाही विनोदी व्हायचं म्हणून दोन-चार ओसाकाचे शब्द पेरतो. तिरफळ, तुमचं म्हणणं मात्र खरं. 'आहोन्दारा' हे जोडीचं नाव म्हणजेच मुळात शिवी, 'मूर्खांनो' याच्या आसपासची. टोकियोतला 'बाका' अंगाला लागतो, ओसाकाचा 'आहो' जरा लाडाचा असतो. मराठीत आणायचं तर...

तिरफळ

सांगू नको, धागो उडतलो.

गवती_चहा

:)) मंडळी, माझ्या बाळाचं काय? म्हणजे धाग्यातल्या.

आडवा_डोळा

येतो बाळाकडे, पण आधी स्वतःचं सांगतो. मी पुण्यात तीन वर्षं मराठी स्टँडअप केलं. पहिल्या रात्री श्रोते सहा. त्यातले दोन पुढचे कलाकार, एक वेटर, एक माझी मावसबहीण. मला शिकवणारा एक दादा होता, नाव सांगत नाही, तुम्हाला माहीतही नसेल. कॉलेजात एकांकिका बसवायचा, तिथून ओळख. त्याचा नियम असा की जे वाक्य आधी कुणाला सुचलं असेल ते म्हणायचं नाही. सासूवर नाही, बायकोवर नाही, पुणे-मुंबई तर अजिबातच नाही. मी लिहून न्यायचो, तो वाचायचा आणि वही परत देऊन म्हणायचा, 'हे छान आहे.' त्या 'छान'ची मला अजून धास्ती आहे.

तो स्वतः स्टेजवर गेला की लोक मोबाइल काढायचे. माझ्याकडून साडेचार हजार घेतले ते आजतागायत दिले नाहीत. आणि माझं जे थोडंफार चाललं ते त्याने नको म्हटलेल्या वाक्यांवर चाललं. शेवटी मी पुणे-मुंबईवर आलो आणि हॉल हसला.

अतामीचा तो पहिला भाग पाहिला तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर गेलो. माझं उत्तर: कामिया गुरू आहे, कारण तोकुनागा त्याच्यासारखा होऊ शकत नाही हे त्याला कामियामुळेच कळलं. बाळासमोर मी 'बुवा कुक'च करणार. पण करताना मला लाज वाटेल, आणि ती लाज त्या दादाने दिलेली आहे. त्याला साडेचार हजार मी सोडले.

उंबरठा

हे छान आहे.

आडवा_डोळा

उंबरठा, क्रूर आहात. :D

तळेगावकर

आडवा डोळा, फार आवडलं. आता माझं विरुद्ध मत. मी सहा वर्षं एका बुजुर्गांकडे तबला शिकलो. तिथे गुरू म्हणजे ज्याच्या हातून ते वाजतं तो. 'असं वाजव' म्हणून वाजवून दाखवायचे, मग मी आयुष्यभर त्या एका 'धा'च्या मागे. कामिया वाजवून दाखवत नाही, नुसता वाजवण्याबद्दल बोलतो. तो म्हणतो की खरा मान्झाईवाला भाजी विकत असला तरी मान्झाईवालाच असतो. वाक्य सुंदर आहे. पण मग भाजी तरी विक बाबा! विनोदात दाखवून देण्यासारखं काही नसेलच, तर गुरूही नसणार, फक्त वयाने मोठे मित्र असणार.

निशिकासाईची_मावशी

तळेगावकर, तुम्ही जे म्हणताय ती शिशो-देशीची पद्धत मान्झाईत होतीच. गुरूच्या घरी राहायचं, बॅगा उचलायच्या, पडद्याआडून बघायचं. १९८२ मध्ये योशिमोतोने चक्क शाळा काढली, फी भरा आणि विनोदी व्हा. त्यानंतर गुरू करण्याची पद्धत पुष्कळ मागे पडली. म्हणून २००१ साली एखादा पोरगा चार वर्षांनी मोठ्या माणसाला 'शिशो' म्हणतो हे त्या काळातही जरा जुनाट, जरा वेडगळच वाटणार. तोकुनागाला गुरू हवा होता. तो मिळेना, तेव्हा त्याने एकाला गुरू केलं. हा माझा अंदाज हो.

ओवी

मावशी, २००१ वरून आठवलं. गोष्ट ज्या साली सुरू होते त्याच साली एम-वन ही मान्झाईची स्पर्धाही सुरू झाली. अंतिम फेरीत चार मिनिटं, बक्षीस एक कोटी येन. सुरुवातीला नियम होता की जोडी जमून दहा वर्षांच्या आतलेच भाग घेऊ शकतात, आता पंधरा वर्षं. सुरू करणाऱ्यांचा एक हेतू असाही होता म्हणे की दहा वर्षांत जमलं नाही तर माणसाला धंदा सोडायला निमित्त मिळावं. मालिकेतली दहा वर्षं मला त्या नियमासारखीच वाटत राहिली. २०२४ साली नोंदी दहा हजारांवर गेल्या. दहा हजार!

आणि एक गंमत. कामियाचा जोडीदार ओबायाशी, तो मख्ख चेहऱ्याचा, ती भूमिका करणारा खराच मान्झाईवाला आहे, 'तोरो सामोन' या जोडीतला मुराता. मालिका आली २०१६ ला, आणि २०१७ च्या डिसेंबरात याच जोडीने एम-वन जिंकली. ते त्यांचं भाग घेण्याचं शेवटचं वर्ष होतं. मालिकेत कामिया-ओबायाशीला जे कधी मिळालं नाही ते ओबायाशीला खऱ्या आयुष्यात मिळालं.

बोरकूट

अंगावर काटा. खरंच.

सुपारी_कात

यामाशिताही खराच मान्झाईवाला आहे ना? बोलण्याच्या लयीवरून वाटलं. दोघा नायकांना मात्र सगळं शिकावं लागलं असणार. केन्तो हायाशी (तोकुनागा) काय काम करतो! बोलताना हनुवटी आत ओढतो, जणू शब्द परत गिळायचे आहेत.

ओवी

हो, योशिई. तेव्हा त्याचाही धंदा तोच होता.

गवती_चहा

आता मी रसभंगाकडे येते. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी इथून पळा.

रसभंग

शेवटच्या कार्यक्रमाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? यामाशिताला जुळी होणार, जोडी फुटणार, स्पार्क्सचा निरोपाचा प्रयोग. तोकुनागा म्हणतो, आज आपण मनात आहे त्याच्या बरोब्बर उलटं बोलायचं. आणि जोडीदाराला, श्रोत्यांना वाट्टेल ते बोलतो. तू किती वाईट मान्झाईवाला आहेस, तुमच्यामुळे माझं आयुष्य वाया गेलं, मरा! समोरचे लोक हसता हसता रडतायत. मी आई झोपली होती म्हणून तोंडात ओढणी कोंबली.

उंबरठा

हो. तिथे मीही हरले. त्यात एक गोष्ट बघा, ही युक्ती कामियाची नाही. तोकुनागाची स्वतःची आहे. आणि ती 'बुवा कुक'इतकी सोपी आहे, दहा वर्षांच्या पोरांचा खेळ, उलटं बोलायचा. दहा वर्षं माशीच्या मागे लागून शेवटी तो साध्या खेळाकडे आला, आणि लोक मोडून पडले.

आडवा_डोळा

पण दहा वर्षं माशीच्या मागे न लागता थेट तो खेळ खेळला असता तर तो उलटं बोलायचा खेळच राहिला असता ना?

उंबरठा

... विचार करते.

तळेगावकर

उंबरठा विचार करतायत! तारीख नोंदवून ठेवा.

कडूलिंब

रसभंग चालू आहेच तर मला नावडलेलं लिहितो. शेवटी कामिया वर्षभर गायब होऊन परत येतो तो छातीवर शस्त्रक्रिया करून, मोठाले स्तन बसवून. का, तर लोकांना गंमत वाटेल म्हणून. हे मला बघवलं नाही. ज्यांच्यासाठी शरीर हा रोजचा झगडा आहे अशा माणसांची ती थट्टा आहे. माझ्या घरात असं माणूस आहे, म्हणून मी यात तटस्थ नाही.

बोरकूट

कडूलिंब, तुमचा राग समजतो. पण तोकुनागा नेमकं हेच त्याला तोंडावर सुनावतो की. ज्यांना लिंगाच्या प्रश्नाने ग्रासलंय त्यांना काय वाटेल, याचा तू विचार केलास का, म्हणून. आणि कामिया रडतो. त्याच्या डोक्यातच आलेलं नसतं.

कडूलिंब

माहीत आहे. शिष्य बरोबर बोलतो. पण ती शस्त्रक्रिया कॅमेऱ्याला गंमत म्हणून हवीच आहे, आणि गंमतही हवी, उपदेशही हवा, हे मला दोन्हीकडून खाणं वाटलं. असो. 'डोक्यातच आलेलं नसतं' हे मात्र तुम्ही नेमकं लिहिलंत. बाळाची आई त्याच्या डोक्यात आली नव्हती, इथेही तेच. धागाकर्तीचा पहिला मुद्दा मला इथे खरा होताना दिसला.

गवती_चहा

कडूलिंब, धन्यवाद. हे मला स्वतःला जोडता आलं नव्हतं.

निशिकासाईची_मावशी

वाद चांगला चाललाय, पण मी रविवारी एक उद्योग केला तो सांगते. हा धागा वाचून लेकीला घेऊन किचिजोजीला गेले. स्टेशनाच्या उत्तरेला हार्मोनिका योकोचो आहे, युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उरलेल्या बोळकांड्या, आत खुराड्याएवढी दारूची दुकानं. हार्मोनिकाच्या भोकांसारखी दिसतात म्हणून ते नाव. दोघं बसतील एवढ्या जागेत सहा जण. मग इनोकाशिरा बागेत. तळ्यात होडी घेऊ म्हटलं तर लेक म्हणते, नको, इथे जोडीने होडीत बसलं की ताटातूट होते अशी समजूत आहे. मी म्हटलं, अगं आपण मायलेकी. तर म्हणे, तरी पण नको.

तिथे बाकावर दोन पोरगे बसले होते. हातात वही, तोंडाने पुटपुट, मध्येच एक दुसऱ्याला टपली मारणार, दुसरा म्हणणार 'उशिरा मारलीस'. परत तेच वाक्य. मी अर्धा तास शेजारच्या बाकावर मासिक उघडून बसले. एकदाही हसू आलं नाही. पण उठावंसंही वाटलं नाही.

सुपारी_कात

मावशी, 'उशिरा मारलीस' यात सगळं आलं.

ढोलकीवाला_नाना

नातवाने परवा पहिला भाग लावून दिला. अक्षरं वाचायला येत नाहीत, पण रस्त्यावरचा खेळ कळला. आम्हीपण जत्रेत असंच कुणी बघत नसताना वाजवलंय, पाळण्याच्या भोंग्यापुढं. त्यो नरक नरक ओरडणारा गडी मला आवडला. माणसं थांबत नसली की सोंगाड्याला राग येतो, पण त्यो लहान पोरीपुढं मऊ झाला. त्याला गुरू करायला हरकत नाही. पैसं मात्र उसनं द्यायचं नाहीत.

आडवा_डोळा

नाना, हे मला साडेचार हजार आधी सांगायला हवं होतं.

रिकामटेकडा_१

परत लावली. सातव्या भागापर्यंत आलोय. जागा आहे. कुणाला सांगू नका.

ओवी

जाता जाता: ते चरित्र. कामिया म्हणतो माझं चरित्र लिही, तोकुनागा वह्या भरत राहतो. मूळ पुस्तक तोकुनागाच्या 'मी'त लिहिलेलं आहे, म्हणजे आपण जे वाचतो तेच ते चरित्र, अशी माझी समजूत. गुरूला जोडीदार टिकवता आला नाही, बाई टिकवता आली नाही, पैसा तर नाहीच. शिष्य टिकला, तोही इस्टेट एजंटच्या ऑफिसात नोकरी धरून. आणि शिष्याने सगळं लिहून ठेवलं, माशीसकट.

कट्टा करायचा का यावर? सिंहगड रोडच्या ओकायामा बागेत. निदान बाग तरी जपानी.

तळेगावकर

तिथे बोलायला लागलं की शिट्टी मारतात. पण येतो.

गवती_चहा

कट्ट्याला नक्की. त्याआधी एक अहवाल द्यायचा आहे.

काल रेल्वेने मुंबईला निघालो होतो, मी आणि नवरा. समोर एक बाई, कडेवर सातआठ महिन्यांचं बाळ. लोणावळ्यापासून जे रडायला लागलं ते थांबेना. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. हा माणूस सरळ पुढे वाकला आणि घसा साफ करून म्हणाला,

'माशी बसली
टकलावरती, टक्कल
म्हणे, कोण ते?'

बाळ गप्प झालं. दोन सेकंद. मग दुप्पट आवाजात. बाईने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आमच्यापासून लांबच्या.

मग मी ओढणी तोंडावर घेऊन 'बुवाऽऽ कुक' केलं. बाळाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचे साडेचार हजार देणं लागते.

कर्जतला वडेवाला चढला. 'वडाऽऽपाव' म्हणून ओरडला. बाळ खदखदून हसलं. तो जाईपर्यंत हसत होतं. डबा बदलून तो पुढे गेला तेव्हा परत रडायला लागलं, आणि नवरा म्हणाला, 'बघ, भाजी विकत असला तरी.'